छिद्राचे माप

अडथळा म्हटला की तो बाहेरून यावयाचा, अशी माणसाची एक सोयीस्कर समजूत असते. ओढ्यात वरून धोंडा पडतो आणि पाणी अडते. रस्त्यावर झाड कोसळते आणि रहदारी खोळंबते. कचेरीत वरून हुकूम येतो आणि चालू लागलेला कागद जागच्या जागी थांबतो. जे वाहते ते आपले आणि जे अडविते ते परके, हा हिशेब मनाला बरा वाटतो. कार्ब्युरेटर नावाच्या यंत्राला मात्र तो मान्य नाही. काही वर्षे उभ्या राहिलेल्या मोटारीचा कार्ब्युरेटर उघडून पाहावा. आत खडेमाती क्वचितच सापडते. सापडते ती तपकिरी, चिकट, वार्निशासारखी एक साय. आणि ही साय म्हणजे एके काळचे पेट्रोलच असते. ज्याने वाहावयाचे तेच बसून राहिले, आटले, आणि आपल्याच वाटेत आडवे पडले. या सायीशी आमची ओळख कशी झाली, आणि ती काढता काढता आमच्या घरात आणखी काय मोकळे झाले, ते येथे सांगावयाचे आहे.

आमच्या घरी एक प्रीमियर पद्मिनी आहे. तिचा जन्म १९८६ सालचा; म्हणजे वयाने ती आम्हांहून दोन वर्षांनी वडील. आमच्या वडिलांनी, अण्णांनी, ती १९९४ साली एका निवृत्त होणाऱ्या अधिकाऱ्याकडून विकत घेतली. अण्णा मूळचे सोलापूरचे. केंद्र सरकारच्या नोकरीनिमित्त ते बंगळुरास आले आणि निवृत्तीनंतर आनेकल येथे लहानसे घर बांधून राहिले. बंगळूर नगर जिल्ह्यातला हा दक्षिणेकडचा तालुका. एका अंगाला बन्नेरघट्ट्याचे रान, दुसऱ्या अंगाला तमिळनाडूची सीमा, आणि मधल्या नाचणीच्या शेतांकडे उत्तरेकडून हळूहळू सरकत येणारे इलेक्ट्रॉनिक सिटीचे काचेचे मनोरे. कन्नडमध्ये ‘अण्णा’ म्हणजे थोरला भाऊ. त्यामुळे भाजीवाल्यापासून पोस्टमनपर्यंत आनेकलमधले सारे जण आमच्या वडिलांना अण्णाच म्हणतात, आणि घरातले नाव व गावातले नाव एकच असण्याचा योग त्यांना विनासायास लाभला आहे.

पद्मिनीचे आणि आपले गोत्र जमते, असे अण्णा एके काळी मोठ्या अभिमानाने सांगत. वालचंद हिराचंद हे १८८२ साली सोलापुरात जन्मले. १९४० साली म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने त्यांनी बंगळुरात विमानांचा कारखाना काढला. आजची हिंदुस्थान एरोनॉटिक्स ती हीच. आणि १९४४ साली त्यांनी मोटारींसाठी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाटची ११०० ही मोटार तयार होऊ लागली, आणि तीच नावे पालटत पालटत पुढे पद्मिनी झाली. “सोलापूरचा माणूस बंगळुरास येतो आणि यंत्रांच्या नादी लागतो, यात नवल ते काय?” असा अण्णांचा युक्तिवाद असे. मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणून ही मोटार साऱ्या देशाला ठाऊक होती. त्या ताफ्यातली शेवटची पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरात निवृत्त झाली, तेव्हा वर्तमानपत्रांनी तिच्यावर मृत्युलेखासारखे लेख लिहिले. अण्णांनी ते वाचले, घडी घातली, आणि काहीही न बोलता कागद रद्दीत ठेवला.

काहीही न बोलणे हा तोवर त्यांचा स्वभाव होऊन बसला होता. पद्मिनीची पुढची बैठक बाकासारखी अखंड असते. गियरचा दांडा सुकाणूच्या खांबाला असल्यामुळे मधे काही आडवे येत नाही. त्या बाकावर अण्णांच्या डाव्या हाताला आमची आई बसे. मोटारीच्या कप्प्यात तिची एक लांबट वही असे. पेट्रोल भरले की तारीख, लिटर, रुपये, किलोमीटरचा आकडा आणि गावाचे नाव, अशी एक ओळ ती वहीत लिही. हुस्कूरची जत्रा, मुत्यालमडुव्याचा धबधबा, चित्रदुर्ग, विजापूर, सोलापूर: आमच्या कुटुंबाचा सत्तावीस वर्षांचा इतिहास त्या वहीत पेट्रोलच्या भावासकट नोंदलेला आहे. २०२१ च्या मे महिन्यात आई गेली. त्यानंतर अण्णांनी मोटार मागच्या शेडमध्ये नेऊन उभी केली, तिच्यावर ताडपत्री ओढली, आणि किल्ली देवघराच्या खणात ठेवून दिली. पुढे त्यांच्या हाताला कंप सुटला. मोटार चालविण्याचा प्रश्नच मिटला. चहा झाला का, दिवा लावला का, बस वेळेवर मिळाली का, एवढे ते विचारीत. आईविषयी मात्र त्यांच्या तोंडून एक अक्षर येत नसे.

मोटारीचा प्रश्न पुन्हा निघाला तो सरकारी कागदामुळे, आणि आम्ही त्याच खात्याचे नसलो तरी त्याच जातीचे असल्यामुळे तो कागद आम्हीच वाचला. नोंदणीचे नूतनीकरण २०२१ च्या जानेवारीत झाले होते. मुदत २०२६ च्या जानेवारीपर्यंतची. नूतनीकरण करावयाचे तर मोटार स्वतःच्या चाकांवर तपासणीला गेली पाहिजे. जुन्या मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क २०२२ च्या एप्रिलपासून ६०० रुपयांवरून ५,००० वर गेले होते, आणि २०२५ मध्ये वीस वर्षांहून जुन्या मोटारींसाठी ते १०,००० झाले. पन्नास वर्षे पुरी केलेल्या मोटारीला २०२१ च्या नियमांनी ‘व्हिंटेज’ हा मानाचा दर्जा दिला आहे; पण आमची मोटार त्या सन्मानाला अद्याप अकरा वर्षे अपुरी. धड तरुण नाही, धड पुराणवस्तूही नाही, अशा मध्यमवयीन अवस्थेत असलेल्यांना कोणत्याही नियमात सवलत नसते, याचा अनुभव आम्हांला पगाराच्या बाबतीतही आहे. आप्तेष्टांचे मत पडले की मोटार भंगारात द्यावी. अण्णांना विचारले तेव्हा ते म्हणाले, “तुला योग्य वाटेल ते कर.” आयुष्यभर त्या मोटारीच्या एका नटासाठी वाद घालणाऱ्या माणसाचे हे उत्तर ऐकून आम्हांला भंगारवाल्याचा भाव विचारण्याचे धैर्य झाले नाही. २०२५ च्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही ताडपत्री काढली.

उभ्या मोटारीत काय काय घडते, ते येथे थोडक्यात सांगितले पाहिजे. पेट्रोल हा एक पदार्थ नव्हे. शेकडो हायड्रोकार्बनांची ती मिसळ आहे. त्यातले हलके, चपळ भाग आधी उडून जातात. मागे उरलेल्या जड भागांवर हवेतला प्राणवायू काम करू लागतो आणि त्यांचा डिंक होतो. अलीकडच्या पेट्रोलात इथेनॉल मिसळलेले असते. २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल विकण्यास २०२३ च्या फेब्रुवारीत आरंभ झाला, तोही आमच्या बंगळुरातच. २०२१ साली आमच्या टाकीत राहून गेलेल्या पेट्रोलात हे प्रमाण कमी होते, तरी होतेच. इथेनॉल हवेतली ओल शोषून घेते. ओल फार झाली की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी बसतात आणि तेथल्या धातूला खातात. जुन्या रबरी नळ्याही त्याने फुगतात, भेगाळतात. हे इथेनॉल २०२१ च्या सुमारास पुष्कळसे उसापासून होत असे, आणि सोलापूर जिल्ह्यात साखर कारखान्यांची किती दाटी आहे हे सर्वश्रुत आहे. म्हणजे अण्णांच्या जिल्ह्यातला ऊस सहाशे किलोमीटरवर येऊन अण्णांच्याच मोटारीच्या पोटात आंबला होता. सौभाग्यवतींनी शेडमध्ये डोकावून नाकाला पदर लावला आणि “पेट्रोल नासते, हे आजच कळले,” असा शेरा मारला.

नवी बॅटरी आली, इंजिन आधी हाताने फिरवून पाहिले, तेल बदलले, ठिणगी पडते आहे याची खात्री झाली. तरीही मोटार सुरू होईना. अत्तिबेलेच्या रस्त्यावर एक लहानसे गॅरेज आहे. तेथील तरुण कारागीर येऊन त्याने एक साधी परीक्षा केली. हवेची गाळणी काढून कार्ब्युरेटरच्या घशात चमचाभर ताजे पेट्रोल ओतले आणि किल्ली फिरविली. चार वर्षांनी इंजिन गरजले, पाचसहा सेकंद धावले आणि विझले. निदान झाले. इंजिनात जीव होता. तोंडात घास घातला तर ते खात होते. घास पोहोचविणारा हात तेवढा थांबला होता. “सार्, इदु हळेदु, बिट्बिडि,” म्हणजे साहेब, हे जुने आहे, सोडून द्या, असे तो म्हणाला. त्याचेही खरेच होते. २०२० च्या एप्रिलपासून लागू झालेल्या प्रदूषणाच्या नियमांनंतर नव्या दुचाकींतूनही कार्ब्युरेटर जवळजवळ हद्दपार झाला आहे. आता किती पेट्रोल सोडावयाचे हे संगणक ठरवितो. या मुलाला दुचाकीचे लहान कार्ब्युरेटर ठाऊक होते. मोटारीचा हा जाडजूड सोलेक्स त्याने पूर्वी उघडलेला नव्हता.

कार्ब्युरेटरचे तत्त्व मोठे सुंदर आहे. वाहती हवा अरुंद घशातून गेली की तिचा वेग वाढतो आणि दाब उतरतो. बेर्नुलीने १७३८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात वाहत्या द्रवांचा वेग आणि दाब यांचा संबंध मांडला, आणि इटलीच्या व्हेंचुरीने पुढे अरुंद नळीचा अभ्यास केला. अशा घशाला आजही त्याचेच नाव आहे. घशात दाब उतरला की शेजारच्या वाटीतले पेट्रोल आपोआप ओढले जाते आणि तुषार होऊन हवेत मिसळते. १८९३ साली हंगेरीत बांकी आणि चोंका या दोघांनी आणि जर्मनीत मायबाखने, असा तुषार उडविणारा कार्ब्युरेटर सिद्ध केला. त्याला वीज लागत नाही, बुद्धी लागत नाही. इंजिन श्वास घेते आणि त्या श्वासाच्या जोरावरच अन्न येते. मात्र प्रमाण सांभाळावे लागते: वजनाने एक भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा. आकारमानाने पाहिले तर एक लिटर पेट्रोल जाळावयास सुमारे नऊ हजार लिटर हवा लागते. हे प्रमाण कोण सांभाळतो? पितळेचा एक इवलासा स्क्रू, ज्याच्या मधोमध सुईच्या टोकाएवढे छिद्र असते. त्याला जेट म्हणतात. सोलेक्सच्या जेटवर कोरलेला आकडा म्हणजे त्या छिद्राचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत. ५० असा आकडा असेल तर छिद्र अर्ध्या मिलिमीटरचे.

आमच्यासारख्या कारकुनाला जेट पाहताक्षणी आपल्या जातीचा वाटला. सरकार म्हणजे प्रचंड यंत्र. त्यात किती काय वाहावे याचे माप मात्र कोठे तरी एका टेबलाशी बसलेल्या अर्ध्या मिलिमीटरच्या माणसाकडे असते. यंत्र चालले तर श्रेय इंजिनाला. थांबले तर दोष छिद्राला. छिद्र अरुंद आहे म्हणून जग आमच्यावर रागावते. पण छिद्राने अरुंद असणे हेच त्याचे काम आहे. ते रुंद असते तर इंजिन पेट्रोलात बुडून गुदमरले असते. छिद्र बुजणे हा दोष खरा. छिद्र लहान असणे हा दोष नव्हे. या दोहोंतला फरक वरवर सोपा वाटतो. त्याची किंमत किती आहे, ते आम्हांला पुढच्याच क्षणी कळावयाचे होते.

तरुणाने कार्ब्युरेटर उतरविला, झाकण काढले, एक जेट बाहेर काढून उजेडाकडे धरला. पलीकडचे काही दिसेना. त्याने खिशातून क्लचच्या जुन्या केबलमधली पोलादी तार काढली, तिचे टोक दातांनी सरळ केले आणि ती छिद्रात घालण्यासाठी हात पुढे केला. अण्णा शेडच्या दाराशी खुर्ची टाकून बसले होते. इतका वेळ ते पाहात होते की झोपले होते, हेही आम्हांला सांगता आले नसते.

“बेडा!” अण्णा ओरडले. नको!

चार वर्षांत त्यांचा असा आवाज आम्ही ऐकला नव्हता. तरुणाचा हात हवेतच थांबला. अण्णा उठले, त्याच्या हातातून जेट घेतला, आणि कन्नडमध्ये त्याला सावकाश समजावून सांगू लागले. पितळ मऊ असते; पोलादाची तार त्याला खरवडते. अर्ध्या मिलिमीटरच्या छिद्रावर तारेने मिलिमीटरचा विसावा भाग अधिक खरवडला गेला, की ५० चा ५५ होतो. “आकडा पाचाने वाढला, पेट्रोल किती वाढेल?” मुलगा म्हणाला, दहा टक्के. “एकवीस,” अण्णा म्हणाले. छिद्रातून काय जाते ते व्यासावर ठरत नाही, क्षेत्रफळावर ठरते, १.१ चा वर्ग १.२१. मग इंजिन काळा धूर ओकते, प्लग काजळतात, पेट्रोल उधळते, आणि कारण कोणाला सापडत नाही. कारण जेटवरचा आकडा तर ५० च असतो. कित्येक वर्षांपूर्वी अशीच एकदा कोणी तरी एक जेट तारेने ‘साफ’ करून दिला होता, आणि तो शोधून काढण्यात दीड वर्ष गेले होते. “बुजलेले छिद्र मोकळे करावयाचे असते,” अण्णा म्हणाले, “मोठे करावयाचे नसते.” नंतर आमच्याकडे वळून मराठीत म्हणाले, “माझे हात चालत नाहीत. तू कर. मी सांगतो.”

पुढचे चार दिवस आम्ही दोघांनी शेडमध्ये काढले. काम उघड्या हवेत, विस्तवापासून दूर. हा पहिला नियम. टाकीतले नासलेले पेट्रोल काढून डब्यात भरले. भेगाळलेल्या रबरी नळ्या काढल्या आणि इथेनॉलला टिकणाऱ्या नव्या बसविल्या. जे. सी. रोडवरच्या सुट्या भागांच्या बाजारात हिंडून गॅस्केटांचा संच, सुईझडप आणि पंपाचा पडदा मिळविला; एका दुकानदाराने धूळ खात पडलेला डबा फुंकर मारून उघडला, तेव्हा त्याच्याही मुद्रेवर जुना मित्र भेटल्याचा आनंद दिसला. कार्ब्युरेटरची वाटी उघडली तर तळाशी तपकिरी साय, आणि पाणी जेथे बसले होते तेथे पांढरी भुकटी. अण्णा एकेक भागाचे नाव घेत: हा मुख्य जेट, हा सावकाश चालीचा, म्हणजे पायलट जेट, हा हवेचा, ही सुई, ती वाटीत पेट्रोल किती चढावे ते ठरविते, हा फ्लोट, कानाशी हलवून पाहा, आत पेट्रोल शिरले असेल तर वाजेल. प्रत्येक भाग कोठून काढला ते आम्ही कागदावर लिहून ठेवीत होतो, आणि अण्णा म्हणाले, “नोंद ठेवण्याची खोड घरातलीच आहे.” कोणाच्या खोडीविषयी ते बोलत होते ते त्यांनाही कळले आणि आम्हांलाही. दोघेही पुन्हा जेटकडे पाहू लागलो.

स्वच्छ करण्याची त्यांची रीत अशी: जेट रात्रभर कार्ब्युरेटर धुण्याच्या द्रावणात बुडवून ठेवावयाचे. सकाळी काढावयाचे, हवेच्या पंपाने विरुद्ध बाजूने फुंकावयाचे, उजेडाकडे धरावयाचे. पलीकडे दिसले नाही तर पुन्हा बुडवावयाचे. फार तर नायलॉनच्या ब्रशाचा एक केस घालून पाहावयाचा. तो पितळेहून मऊ असल्यामुळे खरवडत नाही. मुख्य जेट दुसऱ्या दिवशी मोकळा झाला. पायलट जेट तिसऱ्या दिवशीही अंधारलेलाच होता. गॅरेजमधला तो तरुण संध्याकाळी पायपंप घेऊन येई आणि आमच्याशेजारी बसून पाही. तिसऱ्या संध्याकाळी त्याने हळूच विचारले, अजून किती? अण्णा म्हणाले, “जितके दिवस बुजायला लागले तितके तर नाही ना लागले?”

त्या रात्री आम्ही बराच वेळ विचार करीत पडलो होतो. गेल्या चार वर्षांत अण्णांच्या मौनापाशी किती जण तारा घेऊन आले होते! कोणी म्हणाले, त्यांना एकदा मनसोक्त रडू द्या. कोणी वर्षश्राद्धाच्या दिवशी आईचे छायाचित्र समोर ठेवून आठवणी सांगण्याचा आग्रह धरला. कोणी भजनाला ओढून नेऊ पाहिले, कोणी डॉक्टरचा पत्ता दिला, कोणी नुसतेच खांदा धरून “मन मोकळे करा” असे बजावले. सारी माणसे प्रेमाची होती. परंतु त्यांना जे मोकळे करावयाचे होते ते मोठेही करावयाचे होते. अण्णा आई असतानाही फार बोलत नसत. तिच्याविषयी चारचौघांत प्रेमाने बोलल्याचे आम्हांला तर आठवत नाही. पेट्रोल भरून झाले की ते तिला किलोमीटरचा आकडा सांगत आणि ती तो लिही. त्यांच्या संसारातले बरेचसे बोलणे एवढ्या छिद्रातून होत असे, आणि संसार उत्तम चालला होता. ते छिद्र २०२१ साली बुजले. आता तेथून धबधबा वाहावा अशी अपेक्षा करणे म्हणजे ५० च्या जेटमध्ये क्लचची तार घालण्यासारखेच होते. माणसाचेही एक माप असते आणि ते कोठे तरी आत कोरलेले असते. बाहेरच्याने ते वाचावे, बदलू नये.

चौथ्या सकाळी पायलट जेट उजेडाकडे धरला आणि पलीकडे आकाशाचा एक ठिपका दिसला. तो इतका लहान आणि इतका वाटोळा होता की त्याच्याकडे पाहात राहावेसे वाटले. आम्ही तो अण्णांच्या डोळ्यांपाशी नेला. त्यांनी एक डोळा मिटून पाहिले. “बरोबर,” एवढेच म्हणाले.

जोडणी कागदावरच्या नोंदींनुसार झाली. पितळेच्या स्क्रूवर जोर करू नये, स्क्रू ड्रायव्हर खाचेत नेमका बसणारा घ्यावा, गॅस्केट कोरडे ठेवावे, अशा सूचना एकामागून एक येत होत्या, आणि आम्ही वरिष्ठांच्या तोंडी आदेशाची टिपणी करावी तशा त्या पाळीत होतो. ताजे पेट्रोल घातले. हाताने पंपाची तरफ चालवून वाटी भरली. किल्ली फिरविली, इंजिन दोनदा खोकले, तिसऱ्यांदा धरले आणि चालू राहिले. चोक आत ढकलला तरी चालू राहिले. सावकाश चालीवर थोडे अडखळत होते. अण्णांनी बॉनेटच्या कडेवर तळहात टेकला. त्यांचा हात कापत होता आणि मोटारही कापत होती. कोणाचा कंप कोणता, ते दिसण्याजोगे नव्हते. “मिश्रणाचा स्क्रू पाव फेरा बाहेर,” ते म्हणाले. “आणखी थोडा. आता परत, केसभर. थांब.” इंजिनाचा आवाज सपाट झाला. गॅरेजवाल्या तरुणाने शिट्टी घातली.

विमा उतरविला, धुराची तपासणी झाली, आणि पुढल्या रविवारी आम्ही अत्तिबेलेच्या रस्त्यावर पेट्रोल बंकावर गेलो. सुकाणूशी आम्ही होतो. अण्णा बाकावर डाव्या हाताला बसले. ती जागा त्यांनी आजवर कधी घेतली नव्हती. पेट्रोल भरून झाल्यावर त्यांनी कप्पा उघडला आणि वही बाहेर काढली. आईची शेवटची ओळ १४ मार्च २०२१ ची होती. तिच्याखाली रिकामी जागा. वही त्यांनी आमच्या मांडीवर ठेवली. “आकडे तू लिही,” ते म्हणाले. आम्ही तारीख लिहिली, लिटर, रुपये, किलोमीटर. गावाच्या रकान्यापाशी आलो तेव्हा ते खिडकीबाहेर पाहात म्हणाले, “त्या दिवशी आम्ही मुत्यालमडुव्याला गेलो होतो. धबधब्याला पाणी नव्हते. तिने पायऱ्या मोजल्या, आणि खाली जाऊन म्हणाली, पाणी नसले म्हणून काय झाले, जागा तर आहे. मग डबा उघडून बसली.” एवढे बोलून ते थांबले. पुढे काय झाले, डब्यात काय होते, किती वेळ बसला होता, हे सारे विचारण्यासारखे होते. आम्ही विचारले नाही. गावाच्या रकान्यात ‘अत्तिबेले’ असे लिहिले आणि वही कप्प्यात ठेवली.

त्यानंतर दर रविवारी मोटार निघते. वापर होत राहिला की पेट्रोलला साय धरण्यास सवड मिळत नाही, हे त्यामागचे शास्त्रीय कारण; आणि सरकारी नोकराला शास्त्रीय कारण असले की बरे असते. नूतनीकरणाचे शुल्क आम्ही भरले, आणि तपासणीच्या दिवशी अधिकाऱ्याने बॉनेट उघडून कार्ब्युरेटरकडे कौतुकाने पाहिले. गॅरेजच्या तरुणाकडे आता आणखी दोन जुन्या मोटारी कार्ब्युरेटरसाठी आल्या आहेत; त्याच्या खिशातली तार गेली असून तेथे नायलॉनचा ब्रश आला आहे. अण्णा पूर्वीइतकेच कमी बोलतात. पण रविवारी बंकावरून परतताना, कधी चंदापूरच्या वळणावर, कधी घराजवळ आल्यावर, आईविषयी एखादे वाक्य बोलतात. फार तर दोन. आम्ही वेग थोडा कमी करतो, आणि तेवढेच ऐकतो.